व्हायोलिनवादकाच्या पगाराचा प्रश्न

डॉ. एन. राजम यांच्याविषयी जे काही लिहिले जाते ते बहुधा ठरलेल्या वाटेने जाते. 1938 मधील जन्म, वयाच्या तिसऱ्या वर्षी हाती आलेले व्हायोलिन, वडील विद्वान ए. नारायण अय्यर यांची करडी तालीम, कर्नाटक संगीतात पाया पक्का झाल्यावर पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्या गायनाने घेतलेली पकड, आणि त्यातून घडलेली गायकी अंगाची, म्हणजे गळ्यातल्या गाण्यासारखी, वादनशैली. मग 1984 ची पद्मश्री, 2004 चे पद्मभूषण, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि पुढे अकादमीचे फेलोपद. हे सगळे खरे आहे आणि त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. मात्र या चरित्रातले एक वाक्य सर्वजण घाईने उरकतात. 1959 मध्ये राजम बनारस हिंदू विद्यापीठात अध्यापिका म्हणून रुजू झाल्या आणि सुमारे 40 वर्षे तेथे राहिल्या. विभागप्रमुख झाल्या, अधिष्ठाता झाल्या. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा कणा या वाक्यात आहे आणि आपण आज ज्या प्रश्नाकडे पाठ फिरवून बसलो आहोत तोही याच वाक्यात आहे.

हिंदुस्थानी संगीतातला व्हायोलिनवादक मैफलीच्या बिदागीवर कधीच उभा राहिलेला नाही. तो उभा राहिला तो दोन आधारांवर. पहिला आधार म्हणजे थोर गायकाच्या मागे बसून केलेली साथ आणि दुसरा म्हणजे विद्यापीठाची किंवा आकाशवाणीची पगारी नोकरी. गेल्या तीन-चार दशकांत हे दोन्ही आधार आपण हातचे जाऊ दिले आणि तरीही पुढच्या राजम, पुढचे व्ही. जी. जोग, पुढचे डी. के. दातार यांच्यासारखे वादक आपोआप निपजतील अशा समजुतीत राहिलो. ते निपजणार नाहीत. एखादा अपवाद निघेल, पण परंपरा अपवादांवर चालत नाही. म्हणून व्हायोलिनवादकाच्या पगाराचा प्रश्न हा संगीतरसिकांचा खासगी विषय नसून विद्यापीठे, प्रसार भारती आणि राज्य सरकारे यांच्यासमोर मांडण्याचा सार्वजनिक विषय आहे.

या वाद्याला पगारी आधार इतका का लागतो हे समजण्यासाठी वाद्याकडे जरा जवळून पाहावे लागेल. सतारीवर पडदा सुराची जागा दाखवतो, पेटीवर पट्टी दाबली की सूर हजर होतो. व्हायोलिनच्या गुळगुळीत काळ्या पट्टीवर बोट नेमके कोठे पडायचे हे फक्त कान सांगतो आणि तो कान तयार होईपर्यंत बेसुरेपणाची वर्षे वाजवणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांनाही सोसावी लागतात. त्यात आपल्याकडची बैठक पाश्चात्त्य वादकाहून वेगळी असते. वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे डोके उजव्या पायाच्या घोट्यापाशी टेकवतो आणि दुसरे टोक डाव्या खांद्याखाली छातीशी धरतो. वाद्याचा भार असा दोन टोकांवर गेला की डावा हात वाद्य पेलण्याच्या कामातून पूर्णपणे सुटतो. या सुटलेल्या हातामुळेच लांब मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणे, शक्य होते. दरबारी कानडा रागाच्या गंधारावर बोट नुसते टेकवून भागत नाही, तो गंधार संथपणे झुलवत ठेवावा लागतो आणि झुलताना तो दरबारीचाच राहील, शेजारच्या कोणत्याही कानड्याचा होणार नाही, हे सांभाळावे लागते. उजव्या हाताची कसोटी तर याहून कठीण आहे. ख्यालगायक एका श्वासात जेवढा स्वरसमूह घेतो तेवढा एका गजात, म्हणजे तारेवरून फिरणाऱ्या छडीच्या एका ओढीत, बसवायचा, आणि गजाची दिशा पालटताना सुराला पडलेला सांधा ऐकणाऱ्याला कळता कामा नये. राजम यांच्या वादनात विलंबित (संथ लयीच्या) ख्यालाचा मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, येतो तेव्हा बंदिशीचे शब्द ऐकू आल्यासारखे वाटतात, याचे कारण गजाचा दाब आणि वेग यांवर त्यांचे असलेले विलक्षण नियंत्रण हे आहे. एवढी तयारी व्हायला पंधरा-वीस वर्षे सहज लागतात. या काळात वादकाला मैफली मिळत नाहीत, मिळू नयेतही. त्याचे पोट मात्र रोज भरावे लागते.

आता साथीकडे येऊ. ओंकारनाथांचे गाणे साथीदाराची परीक्षा पाहणारे होते. त्यांचा आवाज कुजबुजीइतका बारीक होई आणि पुढच्याच आवर्तनात सभागृह भरून टाकी. काकू, म्हणजे आवाजाच्या चढउतारातून भाव व्यक्त करणे, हा त्यांच्या गायनाचा प्राणच होता. अशा गायकाच्या मागे बसणाऱ्या वादकाला पुढची जागा आधी ठाऊक नसते. गायकाने ती घेतली की क्षणार्धात ती आपल्या तारेवर उमटवायची, त्याचा श्वास कोठे संपतो ते ओळखून तेथे त्याला स्वर पुरवायचा, आणि हे करताना त्याच्या वाटेत कोठेही यायचे नाही. राजम यांनी ओंकारनाथांना साथ केली. त्यांच्या वादनाला गायकी अंग असे आपण म्हणतो तेव्हा ते अंग स्वतंत्र वादनासाठी बसवलेले तंत्र आहे असे वाटण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात ते साथीच्या बैठकीत, गायकाच्या गळ्याशी दर क्षणाला झटून कमावलेले आहे. गुरूने शिकवलेली बंदिश शिष्य वहीत उतरवू शकतो, पण ख्यालाचा विस्तार ऐन मैफलीत, श्रोत्यांसमोर, त्या दिवसाच्या लहरीप्रमाणे कसा उलगडतो हे शिकण्यासाठी साथीची जागा हेच उत्तम विद्यालय होते.

कर्नाटक संगीतात हे विद्यालय आजही उघडे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बालुस्वामी दीक्षितर, वडिवेलु यांच्यासारख्यांनी हे युरोपीय वाद्य आपलेसे केले आणि त्यानंतर गायकाच्या बाजूला व्हायोलिन ही तेथील कच्चेरीची, म्हणजे मैफलीची, अट होऊन बसली. परिणाम साधा आहे. जेवढ्या गायनाच्या मैफली, तेवढ्या व्हायोलिनवादकांच्या बैठका. तरुण वादकाला स्वतंत्र मैफल मिळण्याची वाट पाहत बसावे लागत नाही. तो समवयस्क गायकाच्या साथीने सुरुवात करतो आणि चार-सहा वर्षांत वडीलधाऱ्या गायकांच्या शेजारी बसण्याइतका तयार होतो. राजम यांचे थोरले बंधू टी. एन. कृष्णन हे याच वाटेने मोठे झाले. अरियाकुडी, चेंबई, सेम्मनगुडी अशा दिग्गजांना साथ करत त्यांची घडण झाली. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की एवढ्या मोठ्या नावानंतरही त्यांनी दिल्ली विद्यापीठात संगीताचे अध्यापन केले, तेथे अधिष्ठाता झाले. साथीची अखंड परंपरा असलेल्या पद्धतीतही नोकरीचा आधार नकोसा झाला नाही.

आपल्याकडे साथीची जागा कशी गेली याचा इतिहास हार्मोनियमला दोष न देता सांगायला हवा. आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत चालू राहिली. त्या बंदीमागची कारणे मला पटत नाहीत. ज्या महाराष्ट्राने गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांची पेटी ऐकली आहे त्याला ती पटणे अवघडच आहे. पण त्या तीन दशकांत रेडिओवर गायकाच्या मागे सारंगी आणि व्हायोलिन यांना हक्काची जागा मिळाली हेही तितकेच खरे. बंदी उठली, ते योग्यच झाले. चूक झाली ती यात की बंदीमुळे अनायासे मिळालेला व्हायोलिनचा आधार तिच्याबरोबर जाणार हे दिसत असूनही त्याची पर्यायी सोय कोणी केली नाही. पेटी वाजवणारा सहज मिळतो, प्रवासात वाद्य फारसे कुरकुरत नाही, सूर पक्का राहतो. आयोजकाला आणि गायकाला ती सोयीची वाटली यात नवल नाही. हळूहळू महाराष्ट्रातल्या मैफलीत गायकाच्या मागे व्हायोलिन दिसणे हा अपवाद झाला आणि वादकापुढे एकच दार उरले, स्वतंत्र वादनाचे. त्या दारातून वर्षाकाठी मोजकेच लोक आत जाऊ शकतात.

मराठी मुलखातल्या व्हायोलिनवादकांची चरित्रे या दृष्टीने वाचली की चित्र आणखी स्पष्ट होते. पंडित गजाननराव जोशी हे हिंदुस्थानी व्हायोलिनच्या पहिल्या मोठ्या वादकांपैकी एक. त्यांचे वडील अंतूबुवा हे औंध संस्थानच्या आश्रयाने राहिलेले, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. म्हणजे वडिलांना संस्थानाने पोसले. मुलाची पिढी आली तेव्हा संस्थानांचा काळ संपत आला होता आणि गजाननरावांनी आकाशवाणीच्या मुंबईसह वेगवेगळ्या केंद्रांवर नोकरी केली. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची विद्या आत्मसात करून ती त्यांनी उल्हास कशाळकरांसारख्या शिष्यांना दिली. हे काम मैफलीच्या बिदागीवर अवलंबून असलेल्या माणसाला इतक्या निवांतपणे करता आले असते असे मला वाटत नाही. वाईत 1922 मध्ये जन्मलेले विष्णु गोविंद जोग लखनौला डॉ. श्रीकृष्ण रातंजनकरांकडे शिकले, तेथल्याच संगीत महाविद्यालयात त्यांनी शिकवले, मग आकाशवाणीत गेले आणि कोलकात्यात स्थिरावले. बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईबरोबर त्यांच्या व्हायोलिनची जुगलबंदी आजही रसिक काढून ऐकतात. 2004 मध्ये त्यांचे निधन झाले ते कोलकात्यातच. वाईच्या या मुलाला घडवले लखनौने आणि सांभाळले कोलकात्याने, या गोष्टीचा महाराष्ट्राने थोडा विचार करावा. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातील पार्से गावचे श्रीधर पार्सेकर हे गजाननरावांचे शिष्य. 1964 मध्ये ऐन उमेदीत गेले. त्यांचे वादन ऐकलेल्या पिढीने त्यांच्याविषयी ज्या हळहळीने लिहिले-बोलले आहे ती पाहता, एवढ्या प्रतिभेला स्थिर आयुष्य लाभले असते तर हिंदुस्थानी व्हायोलिन आज कोठे असते, हा प्रश्न मनातून जात नाही.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एका आधाराची नोंद करायला हवी. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेले अनेक गोवेकर वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले आणि ध्वनिमुद्रणाच्या कामावर त्यांची घरे चालली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले एक. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. सिंथेसायझर आला तसा वीस-तीस व्हायोलिनांचा ताफा एका माणसाच्या बोटांखाली मावू लागला आणि तो रोजगारही आटला. शास्त्रीय वादकांपैकी काहींना त्या कामाचाही हातभार असे.

साथ गेली, स्टुडिओ गेला, उरली नोकरी. ती कोठे आहे? आकाशवाणीचा सुवर्णकाळ म्हणून आपण ज्याच्याविषयी बोलतो त्याच्या उभारणीत बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्याचा मोठा वाटा होता. 1952 ते 1962 या काळात ते माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते. चित्रपटगीतांबाबतचे त्यांचे धोरण हट्टी होते आणि त्याची टीका त्यांनी ओढवून घेतली, परंतु 1952 मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय संगीत कार्यक्रम, कलावंतांची श्रेणीनिहाय निवड आणि केंद्रांवरचे पगारी वादक यांतून शेकडो घरांत चूल पेटली हे कोणी नाकारू शकत नाही. पुढे 1997 मध्ये प्रसार भारती अस्तित्वात आली. तेव्हापासून निवृत्त होणाऱ्या वादकांच्या जागा बहुतेक केंद्रांवर पुन्हा भरल्याच गेल्या नाहीत. एकेका केंद्रावरचा सारंगिया, व्हायोलिनवादक, बासरीवादक निवृत्त झाला आणि त्याची खुर्ची त्याच्याबरोबर संपली.

विद्यापीठांची स्थिती याहून बरी म्हणता येणार नाही. महाराष्ट्रातल्या पुष्कळ महाविद्यालयांत संगीत हा विषय पदवीला आहे, पण संगीत म्हणजे गायन आणि फार तर तबला, अशीच पदांची रचना आहे. जी पदे आहेत ती रिकामी झाली की तासिका तत्त्वावर माणूस घेतला जातो. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचे वर्ष कसे जाते हे शिक्षणक्षेत्रातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. सत्र सुरू झाल्यावर मुलाखत होते, नेमणूक उशिरा निघते, मानधन त्याहून उशिरा येते, सुट्टीचे महिने कोरडे जातात आणि पुढच्या जूनमध्ये सगळे पहिल्यापासून. ज्याला सकाळचे तीन तास रियाज करायचा आहे तो एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात एसटीने जात असतो, आणि संध्याकाळी खासगी शिकवण्या. राजम यांना विद्यापीठाने जे दिले ते पगारापेक्षा मोठे होते. पुढच्या वर्षीही आपण येथेच असू, याची खात्री त्यांना होती. त्या खात्रीवर विद्यार्थ्याला आठ-दहा वर्षे हाताशी धरता येते. अकरा महिन्यांच्या करारावर कोणी कोणाला दरबारी शिकवू शकत नाही.

याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. संस्थांचा आधार सुटला की कला कुटुंबांत परत जाते. राजम यांची परंपरा आज समर्थपणे चालवणाऱ्यांत कन्या संगीता शंकर, नाती रागिणी आणि नंदिनी, भाची कला रामनाथ ही नावे ठळक आहेत. चौघींचेही वादन त्यांच्या स्वतःच्या कष्टाचे आहे आणि कला रामनाथ यांनी तर पुढे पंडित जसराज यांच्याकडे शिकून, त्यांना साथ करून आपली वेगळी वाट काढली. त्यांच्या गुणवत्तेविषयी शंका घेण्याचे कारणच नाही. प्रश्न त्या मुलीचा आहे जिच्या घरात व्हायोलिन नाही, जिचे वडील कारकून आहेत किंवा शेतकरी आहेत, आणि जिचा कान तितकाच तयार आहे. विद्यापीठाचे दार तिच्यासाठी होते. माफक शुल्कात, वसतिगृहात राहून, मोठ्या गुरूसमोर रोज बसण्याची सोय सार्वजनिक पैशातून झाली म्हणून घराण्याबाहेरची मुले या विद्येपर्यंत पोहोचली. संगीतशिक्षणाच्या संस्था उभारणाऱ्या पलुस्कर आणि भातखंडे यांनी ज्या गोष्टीसाठी आयुष्य वेचले ती हीच. ते दार बंद झाले तर व्हायोलिन जिवंत राहील, पण ते ज्यांच्या घरात आधीपासून आहे त्यांचेच राहील.

यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांत सर्वांत वजनदार आक्षेप असा की सरकारी नोकरी कलावंताला सुस्त करते. असे सुस्त झालेले लोक होते, हे मान्य करायला हवे. आकाशवाणीत हजेरी लावून तंबोरा न जुळवणारे कर्मचारी आमच्या पिढीनेही पाहिले. पण त्याच नोकरीने गजाननराव दिले, जोग दिले. एखाद्या व्यवस्थेत काही माणसे आळशी निघतात म्हणून ती व्यवस्था बंद करायची तर आपल्याला न्यायालयांपासून रुग्णालयांपर्यंत काहीच चालू ठेवता येणार नाही. सुस्तीवर उपाय आहेत: ठरावीक वर्षांनी जाहीर वादन, बाहेरच्या तज्ज्ञांकडून मूल्यमापन, विद्यार्थ्यांच्या प्रगतीची नोंद. पदच न भरणे हा उपाय नाही, ते हात झटकणे आहे.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा असतो. आता वादक आपले वादन समाजमाध्यमांवर टाकू शकतो, जगभरातून श्रोता मिळतो, इंटरनेटवरून शिकवता येते. हे खरे आहे, आणि परदेशातल्या मराठी कुटुंबांतली मुले त्यामुळे शिकू लागली आहेत याचा आनंदही आहे. मात्र या माध्यमाची मागणी दीड-दोन मिनिटांच्या तुकड्याची आहे. विलंबित एकतालातला एक ख्याल तेवढ्या वेळात दोन आवर्तनेही पुरी करत नाही. जो वादक पोटासाठी या माध्यमावर अवलंबून राहील तो हळूहळू द्रुत आणि चमत्कृतीकडे वळेल, त्याचा दोष नसताना वळेल. विलंबिताला असा कोणीतरी आश्रयदाता लागतो ज्याला घाई नाही, आणि लोकशाहीत असा आश्रयदाता सार्वजनिक संस्थाच असू शकतात.

पैसा नाही, हा तिसरा आक्षेप मी फारसा मनावर घेत नाही. महोत्सवांच्या मंडपांवर, प्रकाशयोजनेवर, स्वागतकमानींवर जो खर्च सरकारी अनुदानातून होतो त्याच्या शेजारी काही वादकांचे वार्षिक वेतन ठेवून पाहावे.

मागणी अगदी मर्यादित आहे. महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या प्रत्येक विद्यापीठाच्या संगीत विभागात तंतुवाद्याचे निदान एक पूर्णवेळ, कायम पद असावे आणि त्यावर वादनाच्या गुणवत्तेने निवड व्हावी. उत्तम वाजवणारा केवळ नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण नाही म्हणून बाहेर राहू नये. मुंबई, पुणे, नागपूर आणि पणजी या केंद्रांवर आकाशवाणीने साथीदारांची पदे पुन्हा भरावीत, आणि ज्या संग्रहात गजाननराव, पार्सेकर, जोग आणि दातार यांची ध्वनिमुद्रणे आहेत तो विद्यार्थ्यांना मोकळेपणाने ऐकता यावा. ज्या महोत्सवांना सरकारी अनुदान मिळते त्यांनी आपल्या कार्यक्रमांतली काही गायने व्हायोलिनच्या किंवा सारंगीच्या साथीने व्हावीत असे ठरवावे. पेटीला हटवायचे नाही, तिच्या शेजारी जागा करायची आहे. गायकांनाही येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या मागे तरुण व्हायोलिनवादक बसवला तर पहिल्या दोन-तीन मैफलींत त्याचे सूर कोठे कोठे कमी पडतील, जागा हुकतील, हे धरून चालावे लागेल. ओंकारनाथांसारख्या शीघ्रकोपी म्हणून ओळखल्या गेलेल्या गायकाने एका तरुण दाक्षिणात्य मुलीला साथीला बसवले होते, एवढे उदाहरण पुरेसे आहे. येत्या वर्षीच्या महोत्सवांच्या कार्यक्रमपत्रिका अजून छापायच्या आहेत, आणि विद्यापीठांच्या पदभरतीचे प्रस्ताव मंत्रालयात जायचे आहेत. दोन्हीकडे व्हायोलिनवादकासाठी एक ओळ घालता येईल.